प्रोटॉनमध्ये नाही ते टकरीत येतं कुठून?

प्रोटॉन म्हणजे तीन क्वार्क (पदार्थाचे मूलभूत कण): दोन अप जातीचे आणि एक डाऊन, बास. (आत तात्पुरत्या क्वार्क-जोड्यांची ये-जा चालू असते, पण एकूण हिशोबात स्ट्रेंज, म्हणजे आणखी एका जड जातीचे क्वार्क, शून्य.) तरी दोन प्रोटॉन जोरात आपटले की केऑन, लॅम्डा, ओमेगा असे स्ट्रेंज क्वार्कवाले कण बाहेर पडतात. हे टकरीच्या एनर्जीतून बनतात आणि नेहमी जोडीनेच, एक स्ट्रेंज बनला की एक अँटी-स्ट्रेंज (त्याचा प्रतिकण) बनणारच, म्हणजे हिशोब पुन्हा शून्य.

आता हे ओळखायचं कसं? लॅम्डावर चार्ज नाही त्यामुळे डिटेक्टरमध्ये तो दिसतच नाही, पण काही सेंटीमीटर गेला की फुटतो, बऱ्याचदा प्रोटॉन आणि पायॉन या हलक्या, स्ट्रेंज क्वार्क नसलेल्या कणामध्ये, आणि मग रिकाम्या जागेतून अचानक इंग्रजी व्हीसारख्या दोन रेषा निघतात. 1947 मध्ये मँचेस्टरच्या रोचेस्टर आणि बटलर यांना क्लाउड चेंबरच्या (कणाच्या वाटेवर धुक्याची रेष उमटवणारं उपकरण) फोटोत असाच व्ही सापडला होता, आजही तोच शोधतात, फक्त कॉम्प्युटर शोधतो.

खरी गंमत पुढे आहे. स्ट्रेंज क्वार्क डाऊनच्या साधारण वीसपट जड, म्हणून तो बनवणं महाग. 1982 मध्ये राफेल्स्की आणि म्युलर यांनी मांडलं की जड अणुकेंद्रकं आपटून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे फिरतात असं अतितप्त सूप) झाला तर स्ट्रेंज कण जास्त निघतील. शिशाच्या टकरीत ते जास्त दिसलेही. प्रोटॉनची टक्कर मात्र सगळे तुलनेसाठी धरायचे, तिथे कसला आलाय प्लाझ्मा!

आणि 2017 मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅलिस प्रयोगाने 7 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट एनर्जीच्या प्रोटॉन टकरींचा रिझल्ट छापला. ज्या टकरीत कणांची गर्दी जास्त, तिथे पायॉनच्या तुलनेत स्ट्रेंज कणही जास्त, त्यातही तीन स्ट्रेंज क्वार्कवाला ओमेगा सगळ्यात वेगाने वाढतो. साध्या प्रोटॉनचं प्रमाण मात्र तसं वाढत नाही, म्हणजे हा नुसता वजनाचा खेळ नाही. वर हा आलेख प्रोटॉन-शिसं टकरीच्या आलेखाला जाऊन मिळतो. म्हणजे काय आपटलं यापेक्षा किती कण निघाले हे महत्त्वाचं!

कारणावर अजून भांडण चालू आहे. काही म्हणतात प्लाझ्माचा छोटा थेंब बनतो, काही म्हणतात दोन क्वार्कना जोडणाऱ्या ताणलेल्या स्ट्रिंग एकमेकींवर येऊन जाड दोर होतो आणि त्यातून स्ट्रेंज जोड्या सहज तुटून निघतात. मला थेंबवाली बाजू जास्त पटते, पण शिशाच्या टकरीत जेट (एका दिशेने सुटलेले कणांचे झोत) जसे प्लाझ्मातून जाताना एनर्जी गमावतात तसं प्रोटॉन टकरीत काही दिसलेलं नाही, आणि याचं उत्तर थेंबवाल्यांना द्यावंच लागेल.