टॅटू कोणी धरून ठेवलाय?

गेल्या महिन्यात भाचीने व्हॉट्सॲपवर एक नक्षी पाठवली. तिला मनगटाच्या आतल्या बाजूला टॅटू काढून घ्यायचाय. तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, एका जुन्या पत्रातली दीड ओळ, जशीच्या तशी आईच्या अक्षरात. अक्षरं तांदळाच्या दाण्याहून लहान. खाली प्रश्न, "मामा, कसं वाटतंय?" मी विचारलं, "तू साठीची होशील तेव्हा हे वाचता येईल का?" त्यावर उत्तर आलं, "तेव्हाचं तेव्हा बघू. आणि पर्मनंट असतो ना तो!"

त्या 'पर्मनंट'वर मी अडकलो. बहुतेकांच्या डोक्यात टॅटूचं चित्र असं असतं की कातडी म्हणजे कापड, त्यात पक्का रंग मुरवला, आता तो जायचा नाही. फार तर धुऊन धुऊन फिका पडेल. हे चित्र मुळातच चुकलेलं आहे. कापड मेलेलं असतं. कातडी जिवंत असते आणि टॅटू टिकतो तो तिच्या जिवंतपणामुळेच.

आधी मेंदीचं बघू, म्हणजे फरक कळेल. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थराला रंगवतं. वरची त्वचा, म्हणजे एपिडर्मिस, खालून नव्या पेशी तयार करत राहते आणि वरच्या जुन्या पेशी झडून जातात. म्हणून दोन-तीन आठवड्यांत मेंदी उतरते. टॅटूची सुई ही वरची त्वचा भेदून सुमारे एक ते दोन मिलिमीटर खाली, डर्मिस नावाच्या थरात शाई सोडते. तिथे पेशी अशा झडत नाहीत. शाळेतल्या पुस्तकाएवढं उत्तर इथे संपतं, आणि मला आवडणारी गोष्ट इथून सुरू होते.

सुई टोचली की शरीराच्या दृष्टीने ती जखम असते. जखमेत काहीतरी परकं शिरलंय म्हटल्यावर महाभक्षी पेशी धावून येतात. इंग्रजी पुस्तकांतून यांना मॅक्रोफेज म्हणतात. जिवाणू, मेलेल्या पेशींचे तुकडे, धूळ, जे दिसेल ते गिळायचं आणि आतल्या विकरांनी पचवून टाकायचं, हे यांचं काम. शाईचे कणही त्या गिळतात. पण काळी शाई म्हणजे काजळीच, आणि काजळीचा कण कुठल्याही विकराला दाद देत नाही. त्यामुळे या पेशी शाई गिळून बसतात, अगदी मूग गिळून बसल्यासारख्या. पचवता येत नाही आणि टाकताही येत नाही. आपल्याला कातडीवर दिसतो तो टॅटू म्हणजे मुख्यतः अशा पोट भरलेल्या पेशींची रांग. काही कण तंतुजनक, म्हणजे कातडीतले तंतू तयार करणाऱ्या, पेशींतही अडकतात, पण मोठा वाटा महाभक्षींचा.

आता खरा पेच. या पेशी माणसाइतकं जगत नाहीत. त्या मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. मग चाळीस वर्षांपूर्वीचा टॅटू आज कोणाच्या पोटात आहे?

याचं उत्तर २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरातून आलं. सँड्रिन आन्री आणि बर्नार मालिसेन यांच्या गटाने उंदरांच्या शेपटीवर हिरव्या शाईने टॅटू काढले. पुढची युक्ती मला इतकी आवडते की जरा विस्ताराने सांगतो. उंदराला घटसर्पाचं विष फारसं बाधत नाही, कारण ते विष पेशीत शिरतं ज्या दारातून, ते माणसाच्या पेशीवर असतं तसं उंदराच्या पेशीवर नसतं. या गटाने जनुकीय बदल करून असे उंदीर तयार केले की त्यांच्या महाभक्षी पेशींवर तेवढं हे दार असेल, बाकीच्या बहुतेक पेशींवर नसेल. दार बसवायचं कुठे हे ठरवायला त्यांनी सीडी६४ नावाच्या प्रथिनाच्या जनुकाचा आधार घेतला, कारण ते प्रथिन या पेशींची ओळखखूण आहे. मग उंदराला घटसर्पाचं विष टोचलं. उंदीर जगला, पण त्याच्या कातडीतल्या महाभक्षी पेशी जवळपास सगळ्या मेल्या.

टॅटू पुसला जायला हवा होता. प्रत्यक्षात शेपटीवर तो होता तसाच दिसत राहिला.

सूक्ष्मदर्शकाखाली कारण सापडलं. पेशी मेली, फुटली, पोटातली शाई जागच्या जागी सांडली. तेवढ्यात अस्थिमज्जेतून निघून रक्तातून आलेल्या नव्या पेशी तिथे पोचल्या, त्यांच्या महाभक्षी झाल्या आणि त्यांनी सांडलेली शाई पुन्हा गिळली. या गटाने आणखी एक प्रयोग केला. एका उंदराच्या शेपटीवरची गोंदलेली कातडी काढून दुसऱ्या उंदरावर बसवली. सहा आठवड्यांनी पाहिलं तर शाई धरून बसलेल्या बहुतेक पेशी दुसऱ्या उंदराच्या होत्या. शाई जुनी, नक्षी जुनी, धरणारे मात्र सगळे नवे. पालखीचे भोई बदलतात आणि पालखी चालत राहते, तसं.

भाचीच्या अक्षरांची अडचणही याच भोयांपाशी आहे. खांदा बदलताना पालखी किंचित हलतेच. पेशी मरून शाई सांडते आणि दुसरी पेशी ती गिळते, यात कण अगदी त्याच बिंदूवर राहील याची हमी कोणी देत नाही. एखादा कण तसूभर डावीकडे सरकतो, एखादा उजवीकडे. फार लहान कण लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, वाहून जातात आणि काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्ये जाऊन बसतात. २०१७ साली जर्मन आणि फ्रेंच संशोधकांनी फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी हे नॅनोमीटर आकाराचे कण माणसाच्या ग्रंथींमध्ये दाखवून दिले. म्हणजे हातावरचा टॅटू थोडा थोडा काखेतही गेलेला असतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या इयान ईम्स या संशोधकाने २०११ साली टॅटूच्या या पसरण्याचं गणितच मांडलं. सोपं करून सांगायचं तर असा माणूस डोळ्यांपुढे आणा, जो दर पावलाला नाणं उडवतो. छापा पडला तर डावीकडे, काटा पडला तर उजवीकडे. शंभर पावलांनंतर तो मूळ जागेपासून शंभर पावलं लांब नसतो, सरासरीने दहाएक पावलं लांब असतो. अंतर वाढतं ते पावलांच्या वर्गमुळाच्या पटीत. कणही असेच भरकटतात असं धरलं, तर चौपट वर्षांत रेघेची कड दुपटीने फिसकटेल. (इथे काही वाचक पान उलटतील. उलटू नका, गणित एवढंच होतं.) याचा अर्थ असा की फिसकटणं सुरुवातीला भरभर होतं आणि मग मंदावतं, थांबत मात्र नाही. आणि ते जाड रेघेला आणि बारीक रेघेला सारखंच होतं. तीन मिलिमीटरच्या रेघेची कड पाव मिलिमीटरने सुटली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण टॅटूची एक सुईच ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर जाडीची असते. तेवढ्या रेघेने काढलेल्या अक्षरात 'थ' आणि 'य' यांच्यातली फट उरेल कशी? देवनागरीत तर काना, मात्रा, अनुस्वार. 'मंद'मधला अनुस्वार शिरोरेघेत मिसळला की उरतं 'मद'. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना ही काळजी कमी.

आता आजीचं गोंदण. माझी आजी गेली तेव्हा तिच्या हातावरचं तुळशीवृंदावन आणि कपाळावरचे ठिपके स्पष्ट ओळखू येत होते. सत्तर वर्षांपूर्वीचं काम, जत्रेतल्या गोंदणारणीचं. ठिपके मोठे, दोन ठिपक्यांत भरपूर अंतर, रेघा जाड. गोंदणारणीच्या सुया जाड होत्या, बारीक काही काढताच येत नव्हतं. त्या नाइलाजाने नक्षीला म्हातारपणासाठी जागा सोडली होती.

आजीचं गोंदण हिरवं होतं. निदान आम्ही त्याला हिरवं म्हणायचो. पण आत होती ती काजळी, काळी कुळकुळीत. तिच्यात पाल्याचा रस घातला असेलही, पण हरितद्रव्य कातडीत इतकी वर्षं टिकत नाही. हिरवेपणा प्रकाशाचा आहे. शाळेत आकाश निळं का हे शिकवताना प्रकाशाचं विकिरण येतं, तेच इथे. कातडीतले तंतू निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतात. त्यामुळे बराचसा निळा प्रकाश खोल शाईपर्यंत पोचण्याआधीच मागे फिरतो. लाल प्रकाश खोल जातो आणि काजळी त्याला गिळून टाकते. डोळ्याला परत मिळतो तो प्रकाश लालाविना, म्हणजे निळसर, आणि गव्हाळ कातडीच्या पिवळसर छटेतून बघितला की हिरवट. काही तान्ह्या बाळांच्या कमरेखाली निळसर डाग असतो, त्याचंही कारण हेच. तिथलं मेलॅनिन तपकिरीच असतं, फक्त खोलवर असतं. त्या डागावरून मागच्या जन्माचा मार शोधणारी मंडळी अजून आहेत. आणि आज "माझा काळा टॅटू निळा पडला, शाई भेसळीची होती" म्हणून टॅटूवाल्याशी भांडणारीही आहेत. भेसळ असूही शकते, पण निळेपणा हा तिचा पुरावा नव्हे.

बाकी म्हातारपण झटकन सांगतो. उन्हातली अतिनील किरणं रंगीत शाईतली सेंद्रिय रंगद्रव्यं तोडतात, म्हणून लाल-पिवळे रंग आधी विटतात; काजळी म्हणजे नुसता कार्बन, तिला उन्हाचं फारसं काही वाटत नाही. वयाबरोबर डर्मिसमधलं कोलॅजेन कमी होतं, कातडी पातळ आणि सैल होते, नक्षी तिच्याबरोबर ओघळते. वजन वाढलं-घटलं की ताणली जाते. बोटांवरचे आणि तळहातावरचे टॅटू सगळ्यांत लवकर बिघडतात.

लेझरने काढू म्हणणाऱ्यांसाठीही तेच भोई वाटेत उभे असतात. लेझरचे झटके सेकंदाच्या काही अब्जांश भागांत किंवा त्याहून कमी वेळात संपतात. तेवढ्यात शाईचे कण तापून फुटतात, धरणाऱ्या पेशी मरतात, बारीक तुकडे लसिकेतून वाहून जातात. उरलेले नव्या पेशी येऊन गिळतात. म्हणून एका बैठकीत काम होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात सोपा, हिरवा-पिवळा चिवट.

"दोन-तीन वर्षांत आपोआप जाणारा टॅटू" अशी जाहिरात दिसली तर वरचं सगळं आठवा. नेहमीची शाई एपिडर्मिसमध्ये राहिली तर काही आठवड्यांत जाईल, डर्मिसमध्ये पोचली तर भोयांच्या हाती पडेल. दोन वर्षांनी जाण्यासाठी मधे तिसरा मजला कातडीत नाही. जातं ते बहुधा अर्धंमुर्धं, आणि उरतो तो डाग.

"मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं," असं आजी म्हणायची. बरोबर कुठे जातं माहीत नाही, पण आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या ओत्झी नावाच्या गोठलेल्या माणसाच्या अंगावर काजळीचे ६१ टॅटू जवळपास ५,३०० वर्षांनी मोजता आले. कमरेवर, गुडघ्याजवळ, घोट्याजवळ रेघांचे गट आहेत, आणि ते सांध्यांच्या दुखण्यावरचे उपचार असावेत असं काही संशोधकांना वाटतं. आपल्याकडेही सांधा दुखतो म्हणून गोंदून घेणारे होते. काजळीने सांधा बरा होत नाही. न उकळलेल्या, दहाजणांना टोचलेल्या सुईने कावीळ बी किंवा सी मात्र होऊ शकते, आजही.

भाचीबरोबर मी टॅटूच्या दुकानात गेलो. भिंतीवर आणि टॅबवर शेकडो फोटो, सगळे काम झाल्याझाल्याचे. कातडी लाल, रेघ सुरीने कोरल्यासारखी. "दहा वर्षांपूर्वीचं एखादं काम बघायला मिळेल?" असं विचारलं. मुलगा भला होता. थोडा विचार करून त्याने स्वतःचीच बाही वर केली. कोपराखाली बारीक अक्षरांच्या दोन ओळी होत्या, शिकाऊ असताना गुरूने काढलेल्या. भाचीने हात धरून जवळून बघितल्या, मग खिडकीपाशी नेऊन बघितल्या.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं.