फ्लेग्मॅटिक: आगीतून निघालेला थंडपणा

खोकल्याच्या औषधाच्या हिंदी जाहिरातीतला 'बलगम' आणि संकटातही ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही अशा साहेबाला लावलं जाणारं 'फ्लेग्मॅटिक' हे इंग्रजी विशेषण, दोघांचा पूर्वज एकच: ग्रीक 'फ्लेग्मा'.

गंमत म्हणजे मुळात या शब्दाचा थंडपणाशी काडीचा संबंध नव्हता. 'फ्लेगेइन' म्हणजे जळणं. होमरच्या 'इलियड'मध्ये 'फ्लेग्मा' येतो तो आगीच्या लोळासाठी. बागेत फुलणाऱ्या फ्लॉक्सचं नावही याच कुळातलं. त्याचा अर्थ ज्वाळा. पुढे वैद्यकात 'फ्लेग्मा' दाहासाठी वापरला गेला आणि शेवटी शरीरातल्या चिकट स्रावाला चिकटला. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत रक्त, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांच्या जोडीला चौथा द्रव म्हणून फ्लेग्मा बसला, तो थंड, ओला, हिवाळ्यात वाढणारा! या द्रवांच्या प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरतो असं मानलं जाई; फ्लेग्मा जास्त, तो माणूस थंड. हा उफराटा प्रकार प्रोडिकस या ग्रीक विचारवंताला तेव्हाच खटकला होता. फ्लेग्मा म्हणजे जळलेलं ते, शेंबडाला 'ब्लेन्ना' म्हणा, असा त्याचा आग्रह पुढच्या काळातला ग्रीक वैद्य गॅलेन याने नोंदवला आहे. लोकांनी अर्थातच ऐकलं नाही.

इथे आपल्याला कफ आठवणारच. आयुर्वेदातला कफही शीत आणि जड; कफप्रकृतीचा माणूस संथ, लवकर न चिडणारा. पण त्यांचे द्रव चार, आपले दोष तीन. शिवाय फ्लेग्मॅटिकला 'कफप्रकृतीचा' म्हटलं तर वाचक आधी काढा सुचवेल.

अरबी वैद्यांच्या तोंडी फ्लेग्माचा 'बलगम' झाला आणि युनानीबरोबर तो भारतात आला. पश्चिमेकडे लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमार्गे हे विशेषण १४व्या शतकात इंग्रजीत पोचलं. वाटेत गळालेला 'ग' विद्वानांनी पुढे स्पेलिंगमध्ये परत आणला. म्हणून कफाला म्हणतात त्या 'फ्लेम'मध्ये (phlegm) तो मुका, फ्लेग्मॅटिकमध्ये बोलका.

१८५८मध्ये जर्मन डॉक्टर फिरखोचा पेशीविचार, म्हणजे आजाराचं मूळ पेशींत शोधायचं हा विचार, पुस्तकरूपात आला आणि आधीच खिळखिळा झालेला द्रवांचा सिद्धान्त मोडीत निघाला. विशेषण मात्र तगलं. ते तळ्याला किंवा संध्याकाळला लावत नाहीत, माणसाच्या स्वभावालाच लावतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे प्रसंगावर. गोलंदाजाने षटकार खाऊनही पुढचा चेंडू शांतपणे टाकला, तर 'थंड डोक्याचा'. घर पेटलं तरी जागचा हलला नाही, तर 'ढिम्म'. इंग्रजीत दोघेही फ्लेग्मॅटिकच.