दोस्ताला जागणं आणि गटाला जागणं: ‘द आउटसायडर्स’मधल्या दोन निष्ठा

एस. ई. हिंटनच्या ‘द आउटसायडर्स’ या कादंबरीतला, दोन टोळ्यांच्या मोठ्या हाणामारीच्या काही तास आधीचा प्रसंग. चेरी व्हॅलन्स आपल्या कॉर्व्हेट गाडीत बसून मोकळ्या मैदानाशी थांबली आहे. ती श्रीमंत वस्तीतली, ‘सोश’ म्हणवल्या जाणाऱ्या पोरापोरींपैकी. पण बातमी घेऊन आली आहे ती गरीब वस्तीतल्या ‘ग्रीझर’ पोरांसाठी. मारामारी ठरल्याप्रमाणेच होईल, सोश हत्यारं आणणार नाहीत, असं ती सांगते. १४ वर्षांचा पोनीबॉय कर्टिस तिला विचारतो, जॉनीला बघायला जाशील का? त्याचा दोस्त जॉनी जळत्या चर्चमधून लहान मुलांना वाचवताना जखमी झालाय आणि हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजतोय. चेरी म्हणते, मला नाही जमणार. जॉनीच्या चाकूने मेलेला बॉब हा तिचा बॉयफ्रेंड होता.

पोनीबॉय भडकतो. तू तुझ्या लोकांशी गद्दारी केलीस आणि आमच्याशीही एकनिष्ठ नाहीस, असं तो तिच्या तोंडावर सुनावतो. त्याच दमात विचारतो, माझा भाऊ शाळा सोडून कामाला लागला आणि तू कॉर्व्हेटमधून फिरतेस, त्याची भरपाई तुझ्या या हेरगिरीने होते का?

मी ही कादंबरी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा या संतापाशी येऊन थांबते. यातला पहिला आरोप मला साफ चुकीचा वाटतो आणि दुसरा बिनतोड. पोनीबॉयच्या तोंडून मात्र दोन्ही एका श्वासात निघतात. ‘मैत्री’, ‘निष्ठा’, ‘साथ’ हे शब्द या कादंबरीबद्दल लिहिताना सगळेच वापरतात. त्यांच्याखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, एक माणसाला जागणं आणि दुसरी गटाला जागणं. वरून बघितलं तर दोन्हीत फरक दिसत नाही. तीच पोरं, तीच मूठ, तोच रस्ता. फरक कळतो तो काही निवडायची वेळ आल्यावर.

चेरीचंच बघा. ती पोनीबॉयच्या बाजूने कोर्टात बोलायला तयार आहे. बॉब दारू प्यायलेला होता, भांडण उकरून काढायला निघाला होता आणि पोरांनी केलं ते जीव वाचवायला केलं, हे ती सांगणार आहे. आणि तरीही बॉबला मारणाऱ्याच्या खाटेशेजारी जाऊन बसणं तिला शक्य नाही. बॉबमध्ये तिने काहीतरी चांगलं पाहिलं होतं, ते तो मेल्यावरही तिला नाकारता येत नाही. म्हणजे ती एकाच वेळी खऱ्याला जागते आणि आपल्या मेलेल्या माणसालाही जागते. गटाच्या मापाने मोजलं तर ती दोन्हीकडून नापास. माणसाच्या मापाने मोजलं तर त्या संपूर्ण दिवसात तिच्याइतकी अवघड कसरत कुणीच केलेली नाही.

पण हीच चेरी आदल्या आठवड्यात वेगळी होती. ड्राइव्ह-इन सिनेमाच्या रात्री ती पोनीबॉयशी मनापासून बोलली, सूर्यास्ताबद्दल बोलली, आणि निघताना म्हणाली की शाळेच्या कॉरिडॉरमध्ये मी तुला ओळख दाखवली नाही तर मनावर घेऊ नकोस. ही गटाची निष्ठा. तिच्यात द्वेष असायलाच हवा असं नाही. समोरचा माणूस आवडतो, हे ठाऊक असूनही चार लोकांदेखत नजर वळवायची, एवढं पुरतं.

एस. ई. हिंटन हे सगळं फार जवळून पाहत होती. तिचा जन्म १९४८ सालचा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातला. शाळेत असताना, १५व्या वर्षी तिने ही कादंबरी लिहायला घेतली आणि १९६७ साली ती छापून आली. तिच्या एका मित्राला शाळेतून घरी परतताना पोरांनी मारलं होतं, लिहिण्याची सुरुवात तिथून झाली. नावाची आद्याक्षरंच पुस्तकावर आली, कारण मुलांच्या टोळ्यांवर मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील अशी प्रकाशकांना भीती होती. दोन्ही गट तिला वर्गातल्या बाकांवरून दिसत होते. म्हणून असेल, तिच्या कादंबरीत एकही गट सरसकट चांगला नाही आणि एकही सरसकट वाईट नाही.

हाणामारीला निघण्यापूर्वी पोनीबॉय आपल्याच पोरांना एक साधा प्रश्न विचारतो, तुम्हाला मारामारी का आवडते? उत्तरांवरून त्याला कळतं की मधला भाऊ सोडापॉप मजा म्हणून लढतो, स्टीव्ह द्वेषापोटी, थोरला भाऊ डॅरी ताकदीच्या अभिमानापोटी, आणि टू-बिट सगळे लढतात म्हणून. स्वतःला विचारल्यावर पोनीबॉयला स्वसंरक्षणाखेरीज एकही धड कारण सापडत नाही. नीट बघा, यातलं एकही उत्तर ‘जॉनीसाठी’ असं नाही. ज्याच्या नावाने एवढी पोरं जमली आहेत, त्याचं नाव कारणांच्या यादीतच नाही. गटाच्या निष्ठेची ही खूण मला फार बोलकी वाटते. तिला माणूस निमित्तापुरता लागतो. पुढे तर जॉनी स्वतःच म्हणतो की मारामारीत काही अर्थ नाही. जिंकल्याची बातमी घेऊन धावत आलेल्यांना तो हे सांगतो, मरता मरता.

त्या मारामारीची सुरुवात कशी होते, तेही सांगायला हवं. डॅरी पुढे होतो आणि कुणाशीही भिडायला तयार असल्याचं जाहीर करतो. सोशांमधून पॉल होल्डन बाहेर येतो. दोघे शाळेच्या एकाच फुटबॉल संघात खेळलेले, एकेकाळचे जानी दोस्त. आता एक छपरांच्या दुरुस्तीची कामं करून दोन धाकट्या भावांना सांभाळतोय आणि दुसरा कॉलेजात शिकतोय. दोघे एकमेकांभोवती गोल फिरत राहतात. पोनीबॉय बघतो तेव्हा पॉलच्या डोळ्यांत त्याला तिरस्कार दिसतो, तुच्छता दिसते, आणि कीवही. डॅरीच्या डोळ्यांत त्याला असूया दिसते. जुनी ओळख मधेच चमकून जाते आणि तेवढ्यात ठोसा बसतो. माणसाची निष्ठा गटाच्या निष्ठेखाली कशी चिरडली जाते, हे इतक्या थोड्या जागेत दाखवलेलं मी क्वचितच वाचलंय. कुणी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. एकाच्या घरी पैसा होता, दुसऱ्याच्या घरी आईवडील अपघातात गेले होते.

इथे वर्गाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून निष्ठेबद्दल बोलणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. ‘गट सोडा, माणूस बघा’ हे म्हणायला छान आहे. पण गट सोडण्याची किंमत दोन्हीकडे सारखी नाही.

रँडी ॲडरसन हा बॉबचा सगळ्यात जवळचा मित्र. मारामारीच्या दिवशी तो पोनीबॉयला आपल्या गाडीत बोलावतो आणि कबूल करतो की मी आज येणार नाही. बॉब मेला, आता अजून कितीही ठोसे मारले तरी काय बदलणार? तुम्ही जिंकलात तरी खालीच राहाल आणि आम्ही हरलो तरी वरच, हेही तो बोलून दाखवतो. सगळ्या कादंबरीत वर्गाचं गणित इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी मांडलेलं नाही, आणि ते मांडणारा श्रीमंत घरातला आहे. तो पुढे म्हणतो की मी गाडी आणि सोबत नेता येईल तेवढा पैसा घेऊन गाव सोडणार. त्याचा निर्णय धैर्याचा आहे, यात मला शंका नाही. पण त्याच्याकडे निघून जायला गाडी आहे. डॅरीकडे काय आहे? ही तीन भावंडं एखाद्या भानगडीत अडकली तर धाकट्या दोघांना अनाथालयात पाठवतील, ही टांगती तलवार त्याच्यावर पहिल्या पानापासून आहे. जॉनीला घरी बाप मारतो आणि आई हिडीसफिडीस करते. त्याच्यासाठी गट म्हणजे रात्री झोपायला मिळणारी जागा. एकट्याने चालताना चार सोशांनी त्याला अर्धमेला करून टाकलं होतं, तेव्हापासून तो खिशात चाकू बाळगतो. अशा पोराला गटाची निष्ठा सोड म्हणायचं, तर त्याने जायचं कुठे?

म्हणून ग्रीझरांची गटनिष्ठा आणि सोशांची गटनिष्ठा मी एकाच तागडीत टाकणार नाही. एका बाजूला गट हे छप्पर आहे. दुसऱ्या बाजूला तो कुंपण आहे, आपल्याकडे असलेलं आपल्याकडेच ठेवायचं. मारामारीत दोन्ही सारख्याच दिसतात, हाच घोटाळा.

गंमत बघा, रँडीच्या गाडीत बसलेला पोनीबॉय सगळं अचूक ओळखतो. जळत्या चर्चमधून लहान मुलांना एका ग्रीझरने वाचवलं, याचं रँडीला नवल वाटतं. पोनीबॉय म्हणतो, ग्रीझर असण्याचा यात काही संबंध नाही, हे ज्याच्या त्याच्यावर आहे. गाडीतून उतरल्यावर टू-बिट विचारतो, त्या सोशला काय हवं होतं? पोनीबॉयचं उत्तर असं की तो सोश नाही, नुसता एक मुलगा आहे. हे त्याच दिवशी घडतं. नंतर तो हॉस्पिटलात जातो, जॉनीची अवस्था बघतो, मला मरायचं नाही हे त्याच्या तोंडून ऐकतो, आणि चेरीसमोर उभा राहतो तेव्हा सकाळचं शहाणपण कुठल्या कुठे गेलेलं असतं. मला हे खोटं वाटत नाही. दुःखात माणूस पटकन गटाकडे वळतो, कारण तिथे राग आयता मिळतो.

माणसाची निष्ठा निर्मळ असते आणि गटाची गढूळ, असंही नाही. ग्रीझरांच्या टोळीतल्या डॅली विन्स्टनकडे बघितलं की हे पटतं. मध्यरात्री दोन भेदरलेली पोरं दारात उभी राहतात, एकाच्या हातून खून झालेला. डॅली एकही उपदेश करत नाही. ५० डॉलर, एक बंदूक, भिजलेल्या पोनीबॉयसाठी आपलं गरम जॅकेट, आणि मालगाडी पकडून ज्या ओसाड चर्चमध्ये लपायचं त्याचा पत्ता. त्याआधी एकदा शाळेच्या खिडक्या टू-बिटने फोडल्या होत्या आणि पोलिसांनी धरलं डॅलीला. डॅलीने तोंडातून चकार शब्द काढला नाही, शिक्षा भोगून आला. जॉनीला हा थोरपणा वाटतो. मला तिथे खात्री देता येत नाही. त्याने टू-बिटला वाचवलं, की ‘आपल्यातला कुणाचं नाव सांगत नाही’ हा टोळीचा नियम पाळला? कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं. जॉनीच्या बाबतीत मात्र शंका नाही. डॅलीचा जीव त्या एकाच पोरावर होता. आणि म्हणूनच जॉनी गेल्यावर त्याच्याकडे धरायला काही उरत नाही. तो दुकान लुटतो, मैदानात पोलिसांवर रिकामी बंदूक रोखतो आणि गोळ्या झेलतो. सगळी टोळी त्याला वाचवायला धावत आलेली असते. थोडा उशीर होतो.

निवड कशी दिसते, हे विचारलंत तर मी जॉनीचा एक निर्णय दाखवेन. चर्चची आग नंतरची, तिची सगळेच आठवण काढतात. त्याच्या थोडं आधी तो शांतपणे सांगतो की मी पोलिसांकडे जाणार आहे. टोळीचा नियम उलटा आहे, पोलीस म्हणजे शत्रू, लपून राहायचं. डॅलीही विरोध करतो, तुरुंगात माणूस दगड होतो म्हणतो, आणि तो हे प्रेमानेच म्हणतो. जॉनीचं कारण इतकंच की पोनीबॉयला इथे अडकवून ठेवणं बरोबर नाही, घरी डॅरी आणि सोडा काळजीने झुरत असतील. स्वतःच्या घरी कुणी वाट बघतंय का, हे तो विचारतो तेव्हा डॅली आधी उत्तर टाळतो, मग नाही म्हणतो. ज्याची कुणी वाट बघत नाही, त्याने दुसऱ्याची वाट बघणाऱ्यांचा विचार केला.

शेवटाकडचा एक छोटा प्रसंग राहिला. जॉनी आणि डॅली दोघेही गेले आहेत. काही सोश पोनीबॉयला गाठून दमदाटी करू लागतात. तो थंडपणे हातातली बाटली फोडतो आणि तिचं फुटकं तोंड त्यांच्यावर रोखतो. ते निघून जातात. टू-बिट आणि स्टीव्ह हे बघून हादरतात, कारण ज्या पोराला मारामारीचं कारण सापडत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर आता काहीच दिसत नाही. टू-बिट त्याला समजवायला लागतो, असा कठोर होऊ नकोस. तेवढ्यात पोनीबॉय खाली वाकतो आणि विखुरलेल्या काचा वेचायला लागतो. काय करतोयस, असं टू-बिट विचारतो. कुणाच्या गाडीचं टायर पंक्चर व्हायला नको म्हणून, एवढंच तो सांगतो. टू-बिटचा जीव भांड्यात पडतो. त्या रस्त्यावरून ग्रीझरांच्या खटारा गाड्याही जातात आणि सोशांच्या मस्टँगही.