चुली तीन, घर एक

गणपतीत देवगडला काकांच्या घरी एका पंक्तीला नऊ पानं पडतात. काका-काकी, डोंबिवलीचा थोरला, त्याची बायको नि दोन मुलं, दुबईहून आलेला धाकटा, त्याची बायको आणि सात वर्षांचा मुलगा. धाकट्याची बायको आणि मुलगा एरवीही देवगडलाच असतात.

यंदा धाकट्याने जेवताना विषय काढला. दुबईत केस कापायला ३० दिरहम जातात, म्हणजे आपले सातशेच्या वर. देवगडच्या सलूनमध्ये तेच काम शंभरात. "मग माझा पगार नेमका किती धरायचा?" काकी भात वाढता वाढता म्हणाली, "तुझा ता गणित माका कळणा नाय. घराकडे किती उरता, ता सांग."

ते सांगायला आधी 'घर' कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं. जनगणनेत त्याची खूण नाती नव्हे, चूल. एकत्र राहणारी आणि एरवी एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, मग त्यांचं रक्ताचं नातं असो वा नसो. या हिशेबाने आमच्या पंक्तीतली नऊ माणसं म्हणजे तीन कुटुंबं: देवगडचं चौघांचं, डोंबिवलीचं चौघांचं आणि दुबईत एकटा धाकटा. तोही खरा एकटा नाही. 'बेड स्पेस' घेऊन सहाजणांच्या खोलीत राहतो, पाळीपाळीने डाळ-भात लावतात. आपली व्याख्या तिथे लावली तर ते सहा जण मिळून एक कुटुंब!

देशादेशांची तुलना करणारे तक्ते साधारण अशाच चुली मोजून तयार होतात. जर्मनीत एका घरात सरासरी दोन माणसं, सेनेगलमध्ये आठच्या वर, भारतात साडेचारच्या आसपास. लोक हा आकडा पाहतात आणि थेट मुलांच्या संख्येवर उडी मारतात. मुलांचा हिशेब वेगळा असतो, एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील याचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो भारतासाठी २.० आणि महाराष्ट्रासाठी १.७ निघाला. दक्षिण कोरियात २०२३ साली तो ०.७२ इतका खाली गेला होता. सेनेगलची घरं मोठी दिसतात त्याला मुलं कारण आहेतच, पण भाऊ, सुना, आजी-आजोबा एकाच आवारात राहतात हेही आहे. आणि कोकणातली घरं लहान दिसतात ती मुलं कमी झाली म्हणून, तशीच झालेली मुलं चाकरमानी झाली म्हणूनही. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, २०११ साली ८,४९,६५१ भरली. देशाची वाढत असताना ही घटली.

आता खर्च. दोन माणसांना एका माणसाच्या दुप्पट खर्च येत नाही, हे कुणालाही कळतं. पडवीतला दिवा एकासाठी जळतो तेवढाच चौघांसाठी. पण दुप्पट नाही तर किती? युरोपात यासाठी एक पट्टी वापरतात. घरातलं पहिलं मोठं माणूस १, पुढचं प्रत्येक मोठं माणूस ०.५, चौदा वर्षांखालचं मूल ०.३. आमच्या घरावर ती लावून पाहिली. देवगड २.३, डोंबिवली २.१, दुबईत धाकटा एकटाच धरून १, एकूण ५.४. हीच नऊ माणसं एका चुलीवर असती तर ४.४. म्हणजे चुली तीन झाल्या एवढ्यानेच एका अख्ख्या माणसाचा खर्च वाढला, पानावर कुणी जास्त न बसता.

मात्र ही पट्टी तिकडच्या घरांची. तिथे पैसा मुख्यतः घरभाडं, घर उबदार ठेवणं, गाडी यांत जातो, आणि या गोष्टी वाटून घेता येतात. भात वाटून घेता येत नाही. एकाने खाल्लेला घास दुसऱ्याच्या पोटात जात नाही. भारताच्या २०२२-२३च्या खर्च पाहणीत ग्रामीण घरांचा ४६ टक्के खर्च खाण्यावर होता, शहरी घरांचा ३९ टक्के. घर जितकं गरीब तितका खाण्याचा वाटा मोठा, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियमच्या कामगारांच्या हिशेबांवरून मांडला आणि तो अजून टिकून आहे. म्हणून एक जुनी पट्टी मला आपल्याकडे जास्त चपखल वाटते. तिच्यात पुढच्या मोठ्या माणसाला ०.७ आणि मुलाला ०.५ धरतात. तिने मोजलं तर तीन चुलींचा भुर्दंड ०.६ माणसावर येतो. पट्टी बदलली की गरिबीचा आकडाही बदलतो, हे असे तक्ते वाचताना क्वचितच कुणाच्या लक्षात येतं.

यातली मजेदार अडचण अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवली. दर माणशी खर्च सारखाच असलेलं एक लहान आणि एक मोठं घर घेतलं, तर मोठ्या घरात दिवा-छप्पर वाटून पैसे वाचायला हवेत आणि गरीब देशात ते वाचलेले पैसे ताटात दिसायला हवेत. प्रत्यक्षात आकडे उलटे निघाले. मोठ्या घरात दर माणशी खाण्यावर कमी खर्च होत होता, आणि हा फरक गरीब देशांत जास्त होता. घाऊक खरेदी, कमी नासाडी अशी उत्तरं सुचवली गेली, पण कोडं पुरतं सुटलेलं नाही. काकीला विचारलं तर ती म्हणेल, नऊ जणांत उरलेल्या भाताची कुणीतरी पेज करून पितोच.

राहिला धाकट्याचा प्रश्न. दुबईतला न्हावी बहुधा आपल्याकडचा नाहीतर पाकिस्तानचाच असतो. कात्री तीच, हात तेच, भाव सातपट. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली याचं कारण दिलं. जी वस्तू जहाजात चढते तिचा भाव जगभर जवळ जवळ येतो. देवगड बंदरात उतरलेलं माकूल (स्क्विड) गोठवून परदेशी जातं, म्हणून तिकडची मागणी वाढली की इथल्या लिलावातही भाव चढतो. केशकर्तन जहाजात चढत नाही. त्याचा भाव त्या गावची मजुरी आणि दुकानाचं भाडं ठरवतात, आणि श्रीमंत देशात बाकीचे धंदे जास्त पैसे देत असल्यामुळे न्हाव्यालाही जास्त द्यावे लागतात.

म्हणून देशांच्या राहणीमानाची तुलना बाजारातल्या विनिमय दराने करत नाहीत. टोपलीभर वस्तू आणि सेवा दोन्हीकडे कितीला पडतात ते पाहून दर काढतात. २०२१ साली बाजारात डॉलरला सुमारे ७४ रुपये पडत होते. डॉलरभर अमेरिकेत जेवढं येतं तेवढं भारतात घ्यायला मात्र सुमारे २० रुपये पुरत होते. हा आकडा अख्ख्या देशाचा एकच असतो. डोंबिवलीचं भाडं आणि देवगडच्या परसातला नारळ त्यात एकाच सरासरीत बुडतात, ही त्याची मोठी खोट.

धाकट्याचं सारं गणित या दोन दरांमधल्या फटीत बसतं. तो कमावतो तिकडच्या भावाने, पाठवतो बाजाराच्या दराने आणि घर चालतं देवगडच्या भावाने. वेगळ्या चुलींपायी वाढलेला तो एका माणसाचा खर्च इथे भरून निघतो, वर थोडं उरतंही. बायको-मुलाला तिकडे नेलं तरी काका-काकींची चूल राहतेच, म्हणजे चुली तीनच, आणि वर भाडं नि शाळेची फी दिरहममध्ये मोजावी लागेल. शिवाय कुटुंब आणायला तिथे किमान पगाराची अट असते ती वेगळीच. पट्टी आणि दर मिळून काय उरतं ते आकडे सांगतात. मुलगा बापाला वर्षातून किती दिवस पाहतो, त्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. जेवणावरून उठताना ही गोष्ट धाकट्याची बायकोच बोलली, आणि त्यावर कुणी काही म्हणालं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी धाकटा सलूनमधून आला तो नेहमीपेक्षा बरेच बारीक केस कापून. काकी बघतच राहिली. "दोन महिने तरी परत नको," तो म्हणाला.