मार्गदर्शकासोबत पहिली स्कूबा बुडी : पाण्यात उतरण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

बेटावरच्या सुट्टीत एकदा तरी समुद्राखाली उतरून पाहावे, या इच्छेने आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांनी याआधी स्कूबाची साधने हातातही घेतलेली नसतात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. डायव्हिंगचे प्रमाणपत्र जवळ असूनही ज्यांची शेवटची बुडी होऊन बराच काळ लोटला आहे, त्यांनीही ते वाचावे. शक्य असल्यास प्रवासाची तिकिटे पक्की करण्यापूर्वीच वाचावे, कारण बुडीचा दिवस परतीच्या विमानावर अवलंबून असतो आणि ही गोष्ट येथे पोहोचल्यावर कळली, तर वेळापत्रक बदलणे अनेकदा हातात राहिलेले नसते.

बुडीसाठी दिवस कोणता निवडावा

आपण जी हवा श्वासात घेतो तिचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. जमिनीवर त्याची शरीराला ना मदत होते ना अडचण. पाण्याखाली मात्र दाब वाढत जातो, तसतसा हा नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो आणि वर आल्यानंतर पुढचे कित्येक तास श्वासावाटे हळूहळू बाहेर पडत राहतो. तो पुरेसा बाहेर पडण्याआधीच माणूस विमानात बसला, तर केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी असल्यामुळे विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा आणि त्यातून डीकॉम्प्रेशन सिकनेस हा आजार उद्भवण्याचा धोका राहतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. आम्ही सर्वच पाहुण्यांना पूर्ण २४ तासांचे अंतर ठेवण्यास सांगतो आणि त्यात सवलत देत नाही. म्हणून बुडी सहलीच्या सुरुवातीस किंवा मध्यावर ठेवावी आणि शेवटचा दिवस किनाऱ्यासाठी राखावा. बेटावर उंच डोंगर असेल, तर त्याच दिवशी दुपारी गाडीने त्याच्या माथ्यावर जाणे किंवा हेलिकॉप्टरची फेरी घेणे यालाही हाच नियम लागू होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बुडीच्या आदल्या रात्री मद्यपान टाळावे, पाणी भरपूर प्यावे आणि झोप पुरी घ्यावी.

आरोग्याची प्रश्नावली

नोंदणीनंतर आम्ही आपणांस एक प्रश्नावली पाठवतो. दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, अपस्मार म्हणजे फिट येण्याचा त्रास, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुप्फुसातून हवा गळण्याचा पूर्वीचा प्रसंग, नियमित चालू असलेली औषधे, बंद जागेची भीती अशा गोष्टी तीत विचारलेल्या असतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले म्हणजे बुडी रद्द झाली, असे मुळीच नाही. त्याचा अर्थ एवढाच की डॉक्टरांनी आपणांस तपासून, बुडीस हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागेल, आणि त्यासाठी घरी असतानाच वेळ काढणे सोयीचे ठरते. सुट्टी वाया जाईल या धास्तीने काही जण सर्व उत्तरे ‘नाही’ अशी भरून देतात. आमची कळकळीची विनंती आहे की आपण तसे करू नये. दम्याचेच उदाहरण घेतले, तर आकुंचित श्वासनलिकेमुळे फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकली आणि वर येताना ती प्रसरण पावली, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. ही इजा होण्यासाठी फार खोल जावे लागत नाही. तिची शक्यता आधी कळली, तरच आम्हांला काही करता येते.

गर्भवती स्त्रियांनी स्कूबा करू नये. विरघळलेल्या वायूचा गर्भावर काय परिणाम होतो याची सुरक्षित मर्यादा ठरलेली नसल्यामुळे येथे डॉक्टरांच्या पत्राचाही प्रश्न येत नाही. मुलांसाठी किमान वय १० वर्षे आहे. वय बसत असले, तरी मुलाला स्वतःला उतरायचे आहे की आईवडिलांची हौस आहे, हे आम्ही मुलालाच वेगळे विचारतो.

साधी सर्दी हे बुडी पुढे ढकलण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरण्याचा विचार करू नये. गोळीचा परिणाम बुडी चालू असतानाच ओसरला, तर कानात किंवा नाकालगतच्या पोकळ्यांत शिरलेली हवा वर येताना बाहेर पडू शकत नाही. आणि वर यावे तर लागतेच.

पोहता येत नसल्यास तसे आधी सांगावे. वेगाने पोहणाऱ्यापेक्षा पाण्यात तोंड घालून शांत राहू शकणारा माणूस पहिल्या बुडीत अधिक रमतो, असे आम्ही नेहमी पाहतो. मात्र खोल पाण्यात जायचे की नाही, याचा निर्णय उथळ पाण्यातील सरावानंतरच घेतला जातो.

पाठीवर काय असते

सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसून गाळलेली, कोरडी केलेली साधी हवा असते. ती सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब). हा दाब रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची तोटी आणि तिला जोडलेली झडप, दोन टप्प्यांत उतरवतो आणि आपण श्वास घ्याल तेव्हाच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडात येऊ देतो. झाक इव कूस्तो आणि एमील गान्याँ यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये याच तत्त्वावरचे उपकरण सिद्ध केले आणि आजच्या साधनांचा गाभाही तोच आहे. याखेरीज हवा भरता-सोडता येणारे जाकीट, वजनाचा पट्टा, पायांत घालायचे फिन्स, मास्क आणि वेटसूट असतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या कितीतरी पटींनी वेगाने ओढून घेते. त्यामुळे कोमट वाटणाऱ्या समुद्रातही अर्ध्या तासात थंडी वाजू लागते, म्हणून वेटसूट नको असे म्हणू नये. मार्गदर्शकाच्या अंगावर श्वास घेण्यासाठी एक जादा तोटी असते, बहुधा पिवळ्या रंगाची. ती कोठे अडकवली आहे, हे आपण उतरण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे.

मास्कमध्ये नाक झाकलेले असते, पोहण्याच्या चष्म्यात ते नसते. खाली जाताना मास्कमधील हवा दबते आणि मास्क चेहऱ्याला घट्ट ओढला जातो, तेव्हा नाकाने किंचित हवा सोडली की तो सैल होतो. दाढी-मिशीमुळे मास्कच्या कडेतून थोडे पाणी येत राहते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. ते बाहेर कसे काढायचे, हे आम्ही सरावात शिकवतो.

कान

पहिल्या बुडीत कोणी अर्ध्यावरून परतले, तर बहुतेक वेळा कारण कान हेच असते. विमान खाली उतरताना कानांत दडे बसतात तोच प्रकार येथे घडतो, फक्त फार लवकर आणि फार जोराने. समुद्राच्या पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो आणि १० मीटर खोलीवर तो दुप्पट होतो. याचा अर्थ दाबातील सर्वांत मोठा सापेक्ष बदल पहिल्या काही मीटरांतच होतो. पडद्यामागच्या पोकळीत घशाकडून हवा पोहोचवली नाही, तर पडदा आत ढकलला जातो आणि दुखू लागतो.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. मास्कच्या मऊ रबरावरून नाक चिमटीत धरावे, तोंड मिटलेलेच ठेवून नाकाने हळुवार फुंकर मारल्यासारखे करावे आणि दोन्ही कानांत बारीकसा ‘टक’ असा आवाज आला की पुढे सरकावे. हे पाण्याच्या पृष्ठभागावरच एकदा करावे आणि नंतर दर अर्ध्या-एक मीटरला, दुखू लागण्याची वाट न पाहता करीत राहावे. एक कान मोकळा झाला आणि दुसरा झाला नाही, असे अनेकदा होते. अशा वेळी कानाकडे बोट दाखवावे, मार्गदर्शक आपणांस एक मीटर वर नेईल, तेथे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावून फुंकू नये. दुखत असताना खाली जाणे हे धैर्य नव्हे, त्याने पडदा फाटू शकतो. कान मोकळे होण्यास दहा मिनिटे लागली, तरी ती दहा मिनिटे आपल्यासाठीच राखलेली आहेत. आदल्या दिवशी घरी किंवा मुक्कामी आरशासमोर ही क्रिया हळुवारपणे करून पाहिल्यास फार उपयोग होतो.

श्वास

स्कूबातील एकच नियम लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा की श्वास कधीही रोखून धरू नये. पोहताना आपण सवयीने श्वास रोखतो, येथे ती सवय घातक ठरते. १० मीटरवर भरून घेतलेले फुप्फुस तोंड मिटून वर आणले, तर आतील हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. छातीत ती जागा नसते. उथळ पाण्यात, अगदी दीड मीटरवरूनही, असा रोखलेला श्वास फुप्फुसाला इजा करू शकतो. रेग्युलेटर तोंडातून निसटला, तरी तो पुन्हा तोंडात जाईपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे असतात.

श्वास लांब, संथ आणि न थांबणारा असावा. घाईने आणि अर्धवट श्वास घेतले की दम लागल्यासारखे वाटते, भीती वाढते आणि हवाही लवकर संपते. १० मीटरवर प्रत्येक श्वासात पृष्ठभागापेक्षा दुप्पट हवा खर्च होत असते, हेही ध्यानात ठेवावे.

सराव आणि खुणा

कंबरभर पाण्यात दोन गोष्टी प्रत्येकाने स्वतः करून दाखवायच्या असतात. पहिली, तोंडातून काढलेला रेग्युलेटर परत लावून त्यातील पाणी फुंकून बाहेर टाकणे, आणि दुसरी, मास्कमध्ये शिरलेले पाणी वर पाहत नाकाने हवा सोडून बाहेर काढणे. दुसरी गोष्ट पहिल्यांदा कोणालाच आवडत नाही. ती जमल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे सर्व संवाद हातांनी होतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’. पसरलेला पंजा डावी-उजवीकडे हलवला तर ‘काही तरी अडचण आहे’, आणि मग अडचणीच्या जागेकडे बोट दाखवायचे. वर उचललेला अंगठा म्हणजे ‘वर जाऊ या’. जमिनीवरच्या सवयीने आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या पाहुण्याला मार्गदर्शक खरोखरच वर घेऊन येतो, आणि ते योग्यच आहे. ही खूण केव्हाही, कोणतेही कारण न देता करावी. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही आणि बुडी अर्धी राहिली म्हणून आमच्याकडे कोणी कमी लेखले जात नाही.

खाली गेल्यावर

प्रमाणपत्र नसलेल्या पाहुण्यांना आम्ही १२ मीटरच्या खाली नेत नाही, आणि एका मार्गदर्शकासोबत दोनपेक्षा अधिक पाहुणे ठेवत नाही. उतरताना दोर हाती असतो. खाली पोहोचल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे काहीही न करता केवळ श्वास घ्यावा. पाण्याखाली मास्कमधून दिसणारी वस्तू खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी आणि अधिक जवळ भासते, म्हणून मासा हाताशी आला असे वाटले तरी तो नसतो. पाणी प्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. त्यामुळे काही मीटरांवरच लाल प्रवाळ राखाडी-तपकिरी दिसू लागते. मार्गदर्शकाने त्यावर विजेरीचा झोत टाकला की ते क्षणात रक्तवर्णी होते. तो क्षण चुकवू नये. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जात असल्याने आवाज कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. म्हणून मार्गदर्शकाकडे कानाने नव्हे, डोळ्यांनी लक्ष ठेवावे.

पहिल्या बुडीत कॅमेरा हाती घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. त्याच्या नादात श्वास, कान आणि सोबती या तिन्हींचा विसर पडतो.

प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ते असंख्य सूक्ष्म जिवांचे घर आणि शरीर आहे. अनेक जातींचे प्रवाळ वर्षाला केवळ काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर वाढते आणि फिनच्या एका फटक्याने अनेक वर्षांची वाढ मोडते. त्यावर उभे राहू नये, त्याला धरू नये, शिंपले उचलू नयेत. दगडमासा हुबेहूब खडकासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. काहीही न हाताळणे आपल्याही हिताचे आहे.

हवामापकाचा काटा १०० बारवर आला की मार्गदर्शकास खूण करावी. ५० बार हवा शिल्लक असतानाच आपण वर आलेले असतो. वर येण्याचा वेग आपल्याच लहानात लहान बुडबुड्यांपेक्षा कमी ठेवतो आणि ५ मीटरवर सुमारे तीन मिनिटे थांबतो.

समुद्र खवळलेला असेल, प्रवाह जोराचा असेल किंवा दृश्यमानता कमी असेल, तर मार्गदर्शक बुडी रद्द करील. हा निर्णय त्याचाच असतो आणि आमचे कार्यालय तो बदलत नाही.

बुडीनंतर

थोडा थकवा आणि भूक लागणे स्वाभाविक आहे. कानात पाणी राहिल्यासारखे वाटले, तर ते बहुधा काही तासांत जाते. मात्र सांधेदुखी, हातापायांत मुंग्या किंवा बधिरता, चक्कर, त्वचेवर चट्टे, छातीत दुखणे, श्वासास त्रास किंवा नेहमीपेक्षा निराळा, न जाणारा थकवा यांपैकी काहीही जाणवले, तर झोपून जाईल म्हणून थांबू नये. अशी लक्षणे बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात. त्यांवरील पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन देणे, जो आमच्या होडीवर आणि किनाऱ्यावरच्या कार्यालयात तयार असतो, आणि पुढचा म्हणजे दाबकक्षात, म्हणजे आतील हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, करावयाचा उपचार, जो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला. आपणांस दिलेल्या कार्डावरील क्रमांकावर रात्री कोणत्याही वेळी दूरध्वनी करावा आणि बुडीची वेळ, खोली व लक्षण प्रथम सुरू झाल्याची वेळ सांगावी. शंका निराधार ठरली, तरी आम्हांला त्याचा त्रास वाटणार नाही.