फ्लाइंग स्कॉट्समन (रेल्वेगाडी)

लंडनचे किंग्ज क्रॉस आणि एडिंबरोचे वेव्हर्ली या स्थानकांदरम्यान ब्रिटनच्या पूर्व किनारी मार्गाने धावणारी जलद प्रवासी गाडी. सुमारे 632 किलोमीटरच्या या मार्गावर 1862 पासून दोन्ही स्थानकांतून सकाळी दहाच्या ठोक्याला एकेक गाडी सुटू लागली. तेव्हा तिचे नाव ‘स्पेशल स्कॉच एक्स्प्रेस’ होते. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने 1924 मध्ये अधिकृत केले. त्याच वर्षी ते 4472 क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनालाही देण्यात आले. आज जगभर प्रसिद्ध आहे ते इंजिन; गाडी मात्र त्याच्या सहा दशके आधीची आहे.

आरंभी प्रवासाला साडेदहा तास लागत. गाडीत भोजनाची सोय नसल्याने यॉर्कला अर्धा तास थांबा असे आणि तेवढ्यात उतारूंना जेवण उरकावे लागे. 1888 मध्ये पश्चिम किनारी मार्गावरील कंपन्यांशी वेगाची उघड चढाओढ लागली व वेळ झपाट्याने घटला. पुढे अशा शर्यतींतील धोका ओळखून दोन्ही पक्षांनी दिवसाच्या गाड्यांना सव्वाआठ तासांपेक्षा कमी वेळ न लावण्याचा समझोता केला आणि इंजिने सुधारत गेली तरी तो 1932 पर्यंत टिकला. वेग वाढवता येत नसल्याने कंपन्यांची स्पर्धा सुखसोयींकडे वळली. 1900 मध्ये डब्यांना जोडमार्गिका (एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट) व भोजनयान मिळाले. पुढे गाडीत केशकर्तनालयही आले.

1 मे 1928 रोजी ही गाडी लंडनहून एडिंबरोला वाटेत कोठेही न थांबता गेली. त्या दिवशी तिला 4472 हेच इंजिन होते. एकाच चालक व फायरमनने (भट्टीत कोळसा टाकणाऱ्याने) आठ तास सलग काम करणे शक्य नव्हते, म्हणून कंपनीचे मुख्य यांत्रिक अभियंता नायजेल ग्रेस्ली यांनी इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या, म्हणजे टेंडरच्या, एका बाजूने जेमतेम 18 इंच रुंद व पाच फूट उंच बोळ काढला. दुसरी जोडी पहिल्या डब्यात विश्रांती घेई आणि अर्ध्या वाटेवर, धावत्या गाडीतच, अंग चोरून त्या बोळातून इंजिनावर जाई. पाणी भरण्यासाठीही थांबण्याची गरज नव्हती. रुळांच्या मधोमध बांधलेल्या लांब हौदांतून टेंडरखालची पन्हळ ते उचलून घेत असे. एवढा खटाटोप करूनही समझोत्यामुळे सरासरी वेग ताशी 77 किलोमीटरच्या आसपासच राहिला, त्यामुळे या विनाथांबा धावेत वेगापेक्षा जाहिरातीचा भाग मोठा होता असे म्हणावे लागते. प्रतिस्पर्धी लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने तर चारच दिवस आधी, 27 एप्रिलला, एडिंबरोपर्यंत एक विनाथांबा गाडी नेऊन यातली हवाच काढून घेतली होती. मात्र ती धाव त्या दिवसापुरतीच होती.

त्याआधी, 1926 च्या सार्वत्रिक संपात, 10 मे रोजी ईशान्य इंग्लंडमधील क्रॅमलिंग्टनजवळ संपकरी खाणकामगारांनी रूळ उखडल्याने ही गाडी घसरली होती. सुदैवाने कोणी दगावले नाही. आठ खाणकामगारांना तुरुंगवास झाला.

समझोता संपताच वेळ उतरू लागला. 1938 मध्ये तो सात तास वीस मिनिटांवर, तर 1962 मध्ये डेल्टिक डिझेल इंजिनांमुळे सहा तासांवर आला. 2011 मध्ये हे नाव पुन्हा वापरात आले ते एकाच दिशेच्या गाडीसाठी: पहाटे 5.40 ला एडिंबरोहून सुटून, फक्त न्यूकॅसलला थांबून, चार तासांत लंडन गाठणारी ही विजेवरील गाडी होती.