आधी ब्रेक ठरवा, मग व्हील घ्या : ट्रॅकवर गाडी नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोन जळगावातून येवो, धुळ्यातून येवो की शहाद्याहून, प्रश्न बहुतेक एकच असतो : "भाऊ, सतरा इंची व्हील लिधं, आते मोठा कॅलिपर बसी जाई ना?" याचं उत्तर फोनवर देता येत नाही. इंच, पीसीडी (नट-बोल्टच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ईटी (ऑफसेट, पुढे समजावलाय) हे तिन्ही आकडे बरोबर असूनही कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, व्हीलच्या स्पोकला (मधल्या दांड्यांना) घासू शकतो. तोवर टायर चढलेला असतो, बॅलन्सिंग झालेलं असतं आणि विकणारा व्हील परत घेत नाही. ऑर्डर देण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा.

मोठे ब्रेक खरंच हवेत का

मोठी डिस्क लावली म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते, हा समज आधी सोडावा लागेल. मूळ ब्रेक दाबून एबीएस चालू होत असेल, तर त्या क्षणी मर्यादा टायरची आहे, ब्रेकची नाही. मोठ्या डिस्कचं काम उष्णता पेलण्याचं आहे. चालकासह ११०० किलोची गाडी १५० च्या वेगावरून ६० वर आणली की सुमारे ८०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर धरला आणि पुढची प्रत्येक डिस्क ५ किलोची असली, तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान साधारण १२० अंशांनी चढतं. डिस्क ७ किलोची असेल तर तीच वाढ ८५ ते ९० अंशांवर येते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे हा फरक प्रत्येक लॅपला साठत जातो.

तुमच्या गाडीत नेमकं काय कमी पडतं, ते पेडल सांगतं. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी धरत नाही, तर पॅड तापून सुटलाय. पहिल्या तक्रारीवर मोठा कॅलिपर हा महागडा आणि बऱ्याचदा चुकीचा उपाय ठरतो. डॉट ३ ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्याआधी भरलेल्या ऑइलवर हिवाळ्यात ट्रॅकवर जाऊ नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते यात मिसळायचं नाही.

कन्नड घाट, बिजासन घाट आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे एवढाच वापर असेल, तर ताजं डॉट ४ किंवा ५.१, चांगले पॅड आणि स्टील ब्रेडेड होज (पोलादी जाळीची ब्रेक नळी) एवढं पुरतं. ते काम आम्ही एका दिवसात करून देतो. मोठी किट (डिस्क-कॅलिपरचा संच) विकण्यात आमचा जास्त फायदा आहे, तरी ज्याला गरज नाही त्याला ती घ्यायला आम्ही सांगत नाही.

पिस्टन किती मोठे

"चार पिस्टन म्हणजे चौपट ताकद" असा हिशोब नसतो. मूळ फ्लोटिंग (एकाच बाजूला पिस्टन असलेल्या, सरकणाऱ्या) कॅलिपरचा एकच ५४ मिमी पिस्टन २२९० चौरस मिमी क्षेत्र देतो. चार पिस्टनच्या फिक्स्ड (न सरकणाऱ्या, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या) कॅलिपरमध्ये एकाच बाजूचे दोन पिस्टन मोजायचे. ३८ मिमीचे दोन धरले तर २२६८, म्हणजे जवळपास तेवढंच.

आता डिस्क २५६ वरून ३०० मिमी केली तर पॅड केंद्रापासून लांब जातो आणि त्यानेच साधारण २० टक्के जोर वाढतो. त्यामुळे ३०० च्या डिस्कला ३६ मिमीचे पिस्टन घेतले तर पुढचा एकूण जोर मूळच्यापेक्षा ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. ते चालतं. तिथेच ४२ मिमीचे घेतले तर वाढ ४५ टक्क्यांच्या पुढे जाते, पेडलही जास्त खाली जातं. पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागचे ब्रेक रिकामे राहतात आणि थांबायचं अंतर उलट वाढतं. जुन्या बाजारातून दुसऱ्या मोठ्या गाडीचा कॅलिपर उचलून आणणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. कॅलिपरचा पिस्टन व्हर्नियरने मोजून कळवलात तर आम्ही हिशोब करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

व्हील : सगळी अडचण इथेच होते

डिस्कच्या मापावरून व्हीलचा साधारण अंदाज असा : २८० मिमीपर्यंत १५ इंच, ३०० ते ३१० ला १६, ३३० ला १७, ३५५ ला १८. हा फक्त अंदाज आहे. १७ इंच हे माप टायर जिथे बसतो तिथलं असतं. व्हीलच्या आत कॅलिपरला मिळणारी जागा त्यापेक्षा कमी असते आणि प्रत्येक कंपनीच्या ड्रमची (टायर ज्यावर चढतो त्या पिंपासारख्या भागाची) जाडी नि खोलगट भागाची जागा वेगळी असते.

तरी बहुतेक वेळा अडतं ते ड्रमवर नाही, स्पोकवर. ईटी म्हणजे व्हीलच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर व्हील बसतं त्याला) टेकणारी सपाटी किती बाहेर आहे ते माप. स्पोक त्या सपाटीपासून बाहेर फुगलाय की आत दबलाय, हे ईटी सांगत नाही. १६×७ (इंचांत व्यास आणि रुंदी), ईटी ३५ अशी दोन व्हील शेजारी ठेवा : एकात चार पिस्टनचा कॅलिपर आरामात फिरतो, दुसऱ्यात स्पोक थेट कॅलिपरच्या पाठीवर येतो. छाप दोन्हींवर सारखाच असतो. आतून खोल दिसणारं कॉन्केव्ह व्हील फोटोत सुंदर दिसतं, पण मोठ्या कॅलिपरला बहुधा तेच नडतं.

यावर खात्रीचा उपाय एकच, टेम्प्लेट. विलवूड, एपी रेसिंगसारख्या कंपन्या आपल्या किटचा खऱ्या मापाचा नकाशा देतात. तो झेरॉक्सच्या दुकानात छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवायला सांगा आणि नकाशावरची मापरेषा पट्टीने मोजा. प्रिंट ३ टक्क्यांनी आखडली तर १६० मिमीच्या त्रिज्येवर जवळपास ५ मिमीची चूक होते, आणि आपलं सगळं भांडण त्या ५ मिमीचंच असतं. नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा. व्हील तोंडावर, म्हणजे दर्शनी बाजू खाली करून गोणपाटावर ठेवा. टेम्प्लेटची हबरेषा व्हीलच्या सपाटीवर टेकवा, मध्य सेंटर बोअरच्या (व्हीलच्या मधल्या भोकाच्या) मध्यावर धरा आणि पूर्ण एक फेरा फिरवा. प्रत्येक स्पोकखाली बघा, एका स्पोकवर समाधान मानू नका.

स्पोक आणि कॅलिपरमध्ये किमान ३ मिमी, ड्रमच्या बाजूला ५ मिमी जागा सुटली पाहिजे. ड्रमच्या बाजूला जास्त यासाठी, की चिकटवायची बॅलन्सिंग वजनं तिथेच लागतात आणि ट्रॅकवरून खडाही आत येतो. नव्या डिस्कच्या टोपीची (हबवर बसणाऱ्या मधल्या भागाची) जाडी मूळ डिस्कपेक्षा वेगळी असेल तर तेवढ्या मिमीने व्हील आत किंवा बाहेर सरकतं, तेही टेम्प्लेट धरताना जमेस धरा.

फेंडरच्या बाजूचा हिशोब सोपा आहे. १५×६, ईटी ४५ काढून १५×७, ईटी ३५ लावलं तर बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते आणि आतली कड सस्पेन्शनकडे २.७ मिमी सरकते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून हे बघावं लागतं. टायर फेंडरबाहेर आलेली गाडी रस्त्यावर चालवलीत तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो आणि विम्याच्या दाव्यातही अडचण होते.

नट, रिंग, स्पेसर

स्विफ्ट आणि आय२० दोन्हींचा पीसीडी ४×१०० आणि सेंटर बोअर ५४.१ मिमी आहे, त्यामुळे व्हील एकमेकांना बसतात. नट मात्र नाही : स्विफ्टचा एम१२×१.२५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), आय२०चा एम१२×१.५. गनने कोंबला तर स्टडचे आटे जातात. पोलो ५×१००, बोअर ५७.१, आणि तिला नट नसून एम१४×१.५ बोल्ट आहेत. जुनी फिगो ४×१०८ आहे, तिला यातलं काहीच बसत नाही. पोलोच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बहुतेक व्हीलची शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूत फक्त एका रेषेवर टेकतो आणि ट्रॅकवर सैल होतो.

बाहेरच्या व्हीलचा बोअर बऱ्याचदा ७३.१ असतो. हब आणि बोअरमधली जागा रिंगने भरायची, पण प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने वितळू शकते. ॲल्युमिनियमचीच घ्या.

कॅलिपर घासतोय म्हणून ५ मिमीचा स्पेसर (हब आणि व्हीलमधली चकती) सरकवणं हा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय आहे. त्याने नट धरायला आटे कमी पडतात आणि हबची मध्य धरणारी कड झाकली जाते. एम१२×१.२५ ला निदान १० फेरे, एम१२×१.५ ला ८ फेरे नट चढलाच पाहिजे. तेवढे मिळत नसतील तर लांब स्टड आणि हब-सेंट्रिक (स्वतः मध्य धरणारे) स्पेसर लागतात. त्याशिवाय आम्ही गाडी बाहेर सोडत नाही. कॅलिपर किंवा स्पोक ग्राइंडरने घासून जागा करायलाही आमचा नकार असतो, कितीही आग्रह केलात तरी. घासलेला स्पोक कुठे तडकेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

आमची पद्धत

मोजणी झाल्याशिवाय आम्ही किट किंवा व्हीलची ऑर्डर घेत नाही. यामुळे काही ग्राहक नाराज होतात, पण कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकपर्यंत हजार किलोमीटरच्या पुढे गाडी नेऊन पहिल्याच सेशनला व्हील घासतंय असं दिसलं, तर नुकसान तुमचंच होतं. मोजणीचे पैसे घेतो आणि ऑर्डर दिलीत तर बिलातून वजा करतो. आम्ही नेहमी बसवतो त्या किटचे पुठ्ठ्याचे टेम्प्लेट दुकानात तयार आहेत. अनामत ठेवून दोन दिवसांसाठी घरी नेता येतात.

येताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि व्हेरिएंट, व्हीलच्या पाठीमागच्या छापाचा फोटो आणि ट्रॅकसाठी वेगळे टायर असतील तर त्यांचं माप आणा. व्हील आधीच घेतलं असेल तर तेही आणा. त्या व्हीलमध्ये बसेल अशी लहान डिस्क बऱ्याचदा सापडते.

बसवल्यानंतर

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवायचं काम महामार्गावर करू नका. ट्रॅकच्या पहिल्या सेशनमध्येच आठ-दहा वेळा १०० वरून ३० पर्यंत जोरात ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मग दोन लॅप ब्रेक न वापरता थंड करा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला अडण लावा. पॅड अर्धा झिजला की ट्रॅकसाठी बदला, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट ऑइलपर्यंत जाते. भोकं पाडलेल्या डिस्कला भोकांच्या कडेने तडे जातात. ट्रॅकसाठी साधी किंवा खाचांची डिस्क घ्या. पहिल्या सेशननंतर व्हील थंड झालं की टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पोलोच्या बोल्टला १२० न्यूटन मीटर. रेंच नसेल तर आमच्याकडून नेता येतो.